‘अंडरडॉग’ला मराठीत काय म्हणाल?

पिंपळपान
एका स्मरणिकेसाठी १९८३च्या विश्वचषकावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. ‘अंडरडॉग’ भारतीय संघाला मी ‘दुबळा संघ’ लिहिलं. बाबांना वाचून दाखवलं, तर गवार मोडता मोडता थांबले. “दुबळा? पहिल्याच साखळी सामन्यात विंडीजला ३४ धावांनी हरवलं होतं आपण. दुबळा म्हणे!” आता काय लिहू? उद्या मजकूर द्यायचाय.

वरणफळ
लिंबूटिंबू!

पिंपळपान
कपिल देवला लिंबूटिंबू लिहिलं तर बाबा घराबाहेर काढतील.

आडवाट
लिंबूटिंबू नाहीच चालणार. आमच्या चाळीत लपंडावाला धाकटा भाऊ लिंबूटिंबू असायचा. सापडला तरी त्याच्यावर राज्य नाही, आणि बिचाऱ्याला ते कळायचंही नाही. लिंबूटिंबूला सूट असते. अंडरडॉगला कसली सूट? अंतिम सामन्यात १८३त गुंडाळले गेलो म्हणून कुणी दहा धावा वर दिल्या का?
आणि कुणी ‘छुपा रुस्तम’ म्हणायच्या आत सांगतो, तो डार्क हॉर्स. त्याचा वकूब कुणाला ठाऊक नसतो. अंडरडॉगचा सगळ्यांना ठाऊक असतो, निदान तसं वाटत असतं.

शुद्धमती
‘खिजगणतीत नसलेला’ आहे की. स्पर्धेआधी सट्टेवाल्यांनी ६६ला १ भाव दिला होता, म्हणजे धरलंच नव्हतं कुणी.

वरणफळ
मथळ्यात मावेल का ते? सरळ ‘अंडरडॉग’ लिहा, सगळ्यांना कळतं.

शुद्धमती
कळतं म्हणून लिहायचं? ‘महापौर’, ‘दिनांक’ सावरकरांनी दिले तेव्हा कुठे सगळ्यांना कळत होते? वापरले, रुळले.

वरणफळ
मग घ्या, ‘अधःश्वान’. रुळवा.

मातीतला
श्वानावरून सांगतो. शब्द १९व्या शतकातला, अमेरिकेकडचा, कुत्र्यांच्या झुंजीतून आलेला. जो खाली सापडला तो अंडरडॉग. खड्ड्यात उभं राहून करवत ओढणारा, डोक्यावर भुसा घेणारा तो अंडरडॉग, अशीही एक गोष्ट फिरते. गोष्ट झकास, पण भाकड.
आता आमच्याकडं कुस्तीत खाली गेलेला गडी हरलेला नसतोय. पोटावर पडून माती धरून राहिला की वरचाच घामाघूम. पाठ लागेस्तोवर निकाल नाही. आमचे चुलते फडात कायम म्हणायचे, “वरच्याकडं काय बघताय, खालच्याकडं बघा. वरचा दमलाय.” कुत्र्याचं नि पैलवानाचं गणित इथंच फुटतंय. त्यामुळं ‘खालचा’ वगैरे भाषांतर करू नका.

आडवाट
दुसरा अर्थ राहिलाच. अन्याय सोसणारा, नाडलेला, तोही अंडरडॉगच. तिथे ‘पददलित’ बसेल. ‘खिजगणती’ तिथे फारच हलकं. बाय द वे, आमची आजी ‘खिसगणती’ म्हणायची. खिशातल्या चिल्लरीसारखं मोजायचं, म्हणून.

शुद्धमती
ही व्युत्पत्ती आजीच्याच खिशातली दिसते.

वरणफळ
नऊवारीला खिसा?

आडवाट
कनवटीला चंची असायची. त्यात तुमच्यासारखे दोन मावले असते.

पिंपळपान
अहो, माझं वाक्य अजून तसंच आहे! बाबा म्हणतात, ‘ज्यांच्यावर कुणी दमडी लावली नसती असा संघ’ लिही. लिहू का?

मातीतला
ते लिंबूटिंबूतलं ‘टिंबू’ म्हणजे काय पण?

शुद्धमती
‘टिंब’पासून असणार.

वरणफळ
झालं सुरू.