शब्दचर्चा: ‘आरजीएमआयआय-आयडी’मधला ‘आयडी’ कसला?

तारजुळणी: डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय जोडलंय ते लिनक्सच्या कर्नलला सांगणारी फाइल) इथरनेटच्या नोडला फाय-मोड लिहिताना चार नावं समोर येतात: नुसतं आरजीएमआयआय (नेटवर्कचा डेटा हाताळणारा मॅक आणि केबलवर सिग्नल चढवणारी फाय चिप यांना जोडणाऱ्या तारा), आणि त्यालाच -आयडी, -आरएक्सआयडी किंवा -टीएक्सआयडी अशी शेपटी. ‘आयडी’ म्हणजे ओळख धरली तर काहीच अर्थ लागत नाही. शिवाय इथल्या क्लॉकला मराठीत घड्याळ म्हणावं का?

चारपदरी: आयडी म्हणजे इंटर्नल डिले, चिपच्या पोटातला विलंब. गिगाबिटला क्लॉक 125 मेगाहर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन 8 नॅनोसेकंदांचं. चार डेटा तारांवर क्लॉकच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांना डेटा जातो, त्यामुळे एका तुकड्याच्या वाट्याला 4 नॅनोसेकंद येतात. डेटा आणि क्लॉकची कड एकाच क्षणी निघाली, तर घेणारा वाचायला जातो तेव्हा डेटा नेमका बदलत असतो. म्हणून क्लॉक सुमारे 2 नॅनोसेकंद मागे सरकवायचं, की कड तुकड्याच्या मधोमध येते. हे सरकवणं कोणी करायचं, तेवढंच ही शेपटी सांगते.

-आयडी: दोन्ही दिशांचा विलंब चिपने घालायचा, शक्यतो फायने. -आरएक्सआयडी: फक्त फायकडून मॅककडे येणाऱ्या क्लॉकला. -टीएक्सआयडी: फक्त उलट दिशेला. आरएक्स-टीएक्स नेहमी मॅकच्या बाजूने मोजायचं.

नुसतं आरजीएमआयआय म्हणजे ‘साधं, नेहमीचं’ असं समजू नका. त्याचा अर्थ ‘विलंब बोर्डावरच्या तांब्यातच आहे, चिपने हात लावू नये’ असा आहे. 2 नॅनोसेकंदांसाठी क्लॉकची तार डेटापेक्षा साधारण 30 सेंमी जास्त लांब, नागमोडी काढावी लागते. इतकी जागा हल्ली सहसा कोणी देत नाही, म्हणून बहुतेक बोर्डांना -आयडीच लागतं.

तारजुळणी: पण नुसतं आरजीएमआयआय लिहूनही वर्षानुवर्षं चाललेले बोर्ड आहेत की.

चारपदरी: आहेत, कारण ड्रायव्हर ते नाव वाचतच नव्हता किंवा चुकीचं वाचत होता. रिअलटेकच्या आरटीएल8211ई या फायचं हेच झालं. त्याच्या पायांना लावलेले रेझिस्टर विलंब ठरवत होते आणि डिव्हाइस ट्रीतला शब्द नावापुरता होता. 2020 मध्ये लिनक्सचा ड्रायव्हर दुरुस्त झाला, तो लिहिलेला शब्द खरा मानू लागला, आणि पाइन64 प्लस, बनाना पाय एम3 अशा ऑलविनर चिपच्या बोर्डांचं नेटवर्क बंद पडलं. इलाज एका शब्दाचा होता: आरजीएमआयआयच्या जागी बनाना पाय एम3ला आरजीएमआयआय-आयडी, पाइन64 प्लसला आरजीएमआयआय-टीएक्सआयडी. दोष ड्रायव्हरवर ढकलणं सोपं, पण खोटा शब्द डिव्हाइस ट्रीतच होता.

सोल्डरधूर: ओळखायचं कसं ते लिहितो. लिंकचा दिवा लागतो, वेग 1000 दिसतो, पण डीएचसीपीला आयपी पत्ता मिळत नाही. दिव्यावर भरवसा नको: वेगाची बोलणी केबलवरून दोन फाय आपसात करतात, त्यात आरजीएमआयआयच्या तारा येतच नाहीत.

एथटूल या लिनक्सच्या नेटवर्क आज्ञेला छोटा एस देऊन अ‍ॅडव्हर्टाइजची किंमत 0एक्स008 करा, म्हणजे फक्त 100 मेगाबिट फुल डुप्लेक्स. तिथे क्लॉक 25 मेगाहर्ट्झ, आवर्तन 40 नॅनोसेकंदांचं. 2 नॅनोसेकंदांची चूक खपून जाते. शंभरला सुरळीत आणि हजारला ठप्प, तर पहिला संशय विलंबावर.

मग दिशा. एथटूलला मोठा एस देऊन आकडे बघा. आपल्याकडे सीआरसीच्या (वाटेत डेटा बिघडल्याच्या) चुका वाढत असतील तर आरएक्स. आपले आकडे स्वच्छ, पण पलीकडच्या मशीनवर टीसीपीडम्पमध्ये (आलेली पाकिटं दाखवणारी आज्ञा) काहीच उतरत नसेल तर टीएक्स. मॅक आणि फाय दोघांनीही विलंब घातला तर 4 नॅनोसेकंद होतात, कड पुढच्या बदलावर जाऊन बसते आणि पुन्हा तेच. मॅक टीएक्सचा विलंब स्वतः घालत असेल तर त्याच्या ड्रायव्हरने फायला -आयडीऐवजी -आरएक्सआयडी सांगायला हवं.

हे सगळं करण्याआधी डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी, बघा. तिथे ‘जेनेरिक फाय’ दिसलं तर त्या फायचा खरा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही. जेनेरिक ड्रायव्हर विलंबाला हातच लावत नाही, त्यामुळे शेपटी कितीही बदला, फरक पडणार नाही.

चारपदरी: घड्याळाबद्दल राहिलं. इथे ‘क्लॉक’च ठेवा, कारण हे नुसते ठोके आहेत, वेळ सांगत नाहीत. त्याच कार्डावर पीटीपीचं (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीचं) हार्डवेअर क्लॉक असू शकतं. एथटूलला मोठा टी दिला की त्याचा क्रमांक दिसतो. ते सेकंद-नॅनोसेकंद मोजतं आणि पीटीपी4एल हा प्रोग्राम ते जुळवतो. त्याला घड्याळ म्हणायला हरकत नाही.

तारजुळणी: आणि केएसझेड9031 या फायला शेपटीऐवजी ‘आरएक्ससी-स्क्यू-पीएस’ लिहितात, तेही हेच का?

सोल्डरधूर: हेच, पण बारीक मापात, 60 पिकोसेकंदांच्या पायऱ्यांनी. ‘स्क्यू’ म्हणजे पुढे-मागे सरकवणं, म्हणून त्यात ऋण बाजूही आहे. तिथे 0 लिहिलं तर विलंब शून्य होत नाही, क्लॉक 900 पिकोसेकंद अलीकडे येतं. सरकवणं शून्य हवं तर 900 लिहायचं. 1860 ही वरची हद्द, म्हणजे अधिक 960.