जुन्या टीव्ही ट्यूनरवर विमानं टिपायची आहेत: काय वापरू, काय टाळू?

डोंबिवली_पूर्व
घरात पडून असलेल्या सामानातून एडीएस-बी (विमानं स्वतःची ओळख आणि जागा रेडिओवरून सांगतात ती पद्धत) रिसीव्हर करायचा आहे. हाताशी आहे ते असं: यूएसबी टीव्ही ट्यूनर (आत आरटीएल२८३२यू चिप), रास्पबेरी पाय ३ (छोटा संगणक), बंद केलेल्या डिशची आरजी-६ केबल (७५ ओहमची). चौथ्या मजल्याच्या वर गच्ची आहे, पाइप उभा करायला परवानगी आहे. हा ट्यूनर चालेल का? अँटेना विकतची घ्यावी की घरी करावी? अ‍ॅम्प्लिफायर लागतो का? ७५ ओहमची केबल या कामाला चालत नाही असंही वाचलंय.

लहरी
आरटीएल२८३२यू ही अर्धीच गोष्ट झाली. तिच्या शेजारची ट्यूनर चिप कोणती आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. विमानं १०९० मेगाहर्ट्झवर बोलतात. आर८२०टी किंवा आर८२०टी२ असेल तर डोळे मिटून पुढे जा. एफसी००१२ असेल तर ती साधारण ९५० मेगाहर्ट्झलाच थांबते, तिच्यावर वेळ घालवू नका. एफसी००१३ अगदी काठावर आहे, ई४००० ला मधे काही फ्रिक्वेन्सी पकडताच येत नाहीत, आणि ती पोकळी साधारण ११०० पासून, म्हणजे १०९० ला लागूनच सुरू होते. डबी उघडायची गरज नाही. रास्पबेरी पायवर 'आरटीएल-टेस्ट' हा प्रोग्राम चालवला की चिपचं नाव पडद्यावर येतं.

तिथेच 'डिव्हाइस उघडता आलं नाही' असं आलं, तर लिनक्सनं ट्यूनरला टीव्ही समजून आपला डीव्हीबी (डिजिटल टीव्हीचा) ड्रायव्हर लावलेला असतो. तो ब्लॅकलिस्ट करून (आपोआप सुरू होणार नाही असं करून) पाय रीबूट करा. टेस्ट दोन मिनिटं चालू ठेवा. 'लॉस्ट बाइट्स' (हरवलेला डेटा) सतत येत असतील तर संशय आधी अ‍ॅडॉप्टरवर घ्या. पाय ३ ला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअर हवेत आणि ट्यूनर त्यातले ३०० मिलिअँपिअरच्या आसपास खातो. जुना मोबाइल चार्जर इथे हमखास कमी पडतो.

सोल्डरगन
अँटेना घरीच करा. १०९० ची तरंगलांबी २७.५ सेंमी, म्हणजे पाव तरंग ६.९ सेंमी. एवढ्याशा तारेसाठी पैसे घालवू नयेत.

पॅनेलवर बसणारं एफ सॉकेट (डिशच्या केबलची पिन बसते ते) आणि दीड ते दोन मिमी जाडीची तांब्याची तार घ्या. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे तुकडे मिळतात, पण त्यावर इनॅमल असतं. ते पॉलिश पेपरनं पूर्ण खरवडा, नाहीतर सोल्डर वरवर बसल्यासारखा दिसतो आणि आत जोड नसतोच. मधल्या पिनवर ६७-६८ मिमीची उभी तार. सॉकेटच्या कडेला ७० ते ७२ मिमीच्या चार तारा, ४५ अंश खाली वाकवलेल्या. त्या आडव्या ठेवल्या तर इंपिडन्स (सिग्नलला होणारा विरोध; ट्यूनरला तो ५० च्या आसपास हवा) ५० ओहमच्या बराच खाली जातो; वाकवल्या की ५० च्या जवळ येतो. एक-दोन मिमी इकडेतिकडे झालं तरी काही बिघडत नाही. सायकलचा स्पोक वापरू नका, स्टेनलेसवर साधा सोल्डर धरत नाही.

७५ ओहमची भीती सोडा. ५० आणि ७५ च्या न जुळण्यानं होणारं नुकसान ०.२ डेसिबलसुद्धा नाही. उलट ५ मीटर आरजी-६ मध्ये एक डेसिबलच्या आसपास जातं, तेवढ्याच आरजी-५८ मध्ये (५० ओहमची बारीक केबल) अडीच-तीन. डिशची केबल हीच तुमच्याकडची सगळ्यात चांगली वस्तू आहे, फक्त लागेल तेवढीच कापून वापरा. रास्पबेरी पायच गच्चीवर नेता आला तर फारच छान.

पावसाळ्याचं आत्ताच बघा. जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप), आणि केबल आत शिरण्याआधी खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथून गळून जातं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. विजा चमकत असताना केबल ट्यूनरपासून काढून ठेवा.

ठाणेकर_एसडी
अ‍ॅम्प्लिफायर आत्ता नको. शहरात अडचण अशक्त सिग्नलची कमी आणि मोबाइल टॉवरची जास्त असते. ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झवरचा जीएसएम सिग्नल ट्यूनरचं तोंड भरून टाकतो. तोच आणखी मोठा करून काय साधणार? 'रीडएसबी' (विमानांचे संदेश उलगडणारा प्रोग्राम) ४९.६ गेनवर सुरू करा; गेन म्हणजे ट्यूनर सिग्नल किती मोठा करतो ते. मग ४४.५, ४०.२, ३६.४ असं उतरत जा, प्रत्येक ठिकाणी तासभर थांबून संदेशांची संख्या लिहा. गेन कमी केल्यावर संख्या वाढली, तर टॉवरचाच त्रास आहे आणि पैसे १०९० च्या सॉ फिल्टरवर (१०९० सोडून बाकी सिग्नल अडवणारा भाग) खर्च करा. -३ डेसिबलच्या वरचे, म्हणजे फार जोरदार, संदेश पाच टक्क्यांपेक्षा जास्त दिसले तरी गेन जास्तच आहे. अ‍ॅम्प्लिफायर लांब केबलसाठी असतो, आणि तो अँटेनापाशीच लावायचा. खाली ट्यूनरजवळ लावला तर केबलमध्ये गेलेलं परत येत नाही.

डोंबिवली_पूर्व
आर८२०टी निघाली. तात्पुरती तार खिडकीत लावली आहे. यादीत विमानं येतात, पण निम्मी नकाशावर नाहीत, नुसता सहा आकडी कोड. काय चुकतंय?

लहरी
काही चुकत नाही. विमानाची जागा दोन प्रकारच्या संदेशांत, सम आणि विषम, वाटून पाठवली जाते. थोड्या सेकंदांत दोन्ही मिळाले तरच पहिला ठिपका पडतो. अशक्त सिग्नलमध्ये एखादा हुकतोच. काही विमानं जागा पाठवतच नाहीत, त्यांचा फक्त कोड दिसणार. (८० नं सुरू होणारे कोड भारतीय नोंदणीचे.)

गच्चीवर गेल्यावर फरक कळेल. दृष्टिरेषेचा हिशोब असा: दोन्ही उंचींची मीटरमधली वर्गमुळं मिळवा आणि ४.१२ नं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. १०,००० मीटरवरचं विमान आणि १६ मीटरवरची अँटेना, म्हणजे ४२८ किमी. ही कमाल झाली. या अँटेनावर २०० च्या पुढे गेलात तरी काम चोख झालं समजा. पश्चिमेला मात्र मुंब्रा-पारसिकचा डोंगर आहे. सांताक्रूझला उतरणारी विमानं खाली आली की त्याआड जातील, तेव्हा अँटेना पुन्हा खोलू नका.

सोल्डरगन
पाइप लावताना एवढं पाहा, की अँटेना पाण्याच्या टाकीच्या वर निघाली पाहिजे. प्लास्टिकच्या टाकीतलं पाणीही १०९० अडवतं.