प्रति: शास्त्रज्ञांना वेगळी संघटना कशाला?

"संचालक ऐकून घेतात, मग संघटना कशाला?" असं म्हणून शास्त्रज्ञांच्या वेगळ्या संघटनेला कुणीतरी विरोध केलाय, तो मला पटत नाही. गोव्यात दोनापावलाला असलेली एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) ही सीएसआयआरची, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची. तिथल्या शास्त्रज्ञांना केंद्राचे १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत. नियम ९ प्रमाणे सरकारी धोरणावर जाहीर टीका करता येत नाही, आणि संघटनेचा पदाधिकारी म्हणून सेवाशर्तींबद्दल प्रामाणिकपणे बोलण्याची सूट फक्त बंदरं, कारखाने अशा ठिकाणच्या ठरावीक अराजपत्रित कर्मचाऱ्यांना आहे, शास्त्रज्ञांना नाही. म्हणूनच एकट्यादुकट्याने बोलण्यापेक्षा संघटनेने मिळून मागणी मांडलेली बरी.

खरे हाल प्रकल्पावरच्या कंत्राटी पोरांचे. माझ्या ओळखीची एक मुलगी भर पावसात होडीतून मांडवीच्या पाण्याचे नमुने आणायची. फेलोशिप महिनोन्महिने रखडली, तरी मुदतवाढ हुकेल म्हणून गप्प. संघटनांनी आधी यांना सभासद करून घ्यावं.