जर्मनी सोडून नेदरलँड्स? एका पगाराच्या घराने दोनदा विचार करावा

कोरडवाहू (धागाकर्ता):

म्युनिक-फ्रँकफर्टकडच्या आयटीवाल्यांना ॲमस्टरडॅम किंवा आइंडहोवनची ऑफर आली की आपल्या मंडळींचा सल्ला ठरलेला असतो: ‘३० टक्के रूलिंग (नेदरलँड्समधली करसवलत) मिळतंय ना? मग बांधा बोचकं.’ माझं मत उलट आहे. घरात पगार एकच असेल आणि मुलं लहान असतील तर जर्मनी सोडू नये. खोडून काढायचं तर आकड्यांनी काढा, ‘तिकडचे लोक मोकळे असतात’ वगैरे नको.

आधी कर. जर्मनीत नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र करतात, त्याच्या निम्म्यावर कर काढतात आणि तो दुप्पट करतात. २०२५ साली माणशी १२,०९६ युरो करमुक्त होते. कमावणारा एकच असला तरी घराला २४,१९२ मिळायचे, आणि वरचं उत्पन्नही खालच्या दरात बसतं. टॅक्स क्लास ३ आणि ५ (जास्त कमावणाऱ्याची मासिक करकपात कमी, दुसऱ्याची जास्त) घेतला असेल तर हे दर महिन्याच्या पगाराच्या पावतीतच दिसतं. नेदरलँड्समध्ये प्रत्येकाचा कर वेगळा. घरी असलेल्या जोडीदाराची सर्वसाधारण करसूट पूर्वी रोख मिळायची, १९६३ आणि नंतर जन्मलेल्यांसाठी ती बंद झाली. म्हणजे वाया.

आता रूलिंग, म्हणजे परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा काही भाग करमुक्त. मुदत कमाल ५ वर्षं. ज्यांना २०२४ पासून मिळालं त्यांचे २०२७ मध्ये ३० चे २७ टक्के होणार. शिवाय सूट वजा जाऊन उरणारा करपात्र पगार एका किमान आकड्याखाली जाता कामा नये. २०२५ साठी तो ४६,६६० युरो होता. पूर्ण ३० टक्के हवे असतील तर त्या वर्षी पॅकेज साधारण ६६,७०० च्या वर लागायचं. ५८,००० च्या ऑफरवर करमुक्त भाग ११,३४० एवढाच बसायचा, वीस टक्क्यांच्याही आत. एचआरच्या एक्सेलमध्ये मात्र सरसकट ३० टाकलेले असतात.

आणि किंडरगेल्ड, म्हणजे जर्मन बालभत्ता. २०२५ मध्ये दर मुलामागे महिन्याला २५५ युरो, पगार कितीही असो. डच बालभत्ता तीन महिन्यांतून एकदा येतो आणि लहान मुलासाठी महिन्याला शंभरच्या आसपास पडतो.

पाणचक्की:

पावतीची डावी बाजू वाचलीत, उजवीकडे पण बघा की. जर्मनीत सरकारी आरोग्य विम्याचा दर १४.६ टक्के आणि वर कासेचा (विमा संस्थेचा) जादा हप्ता, २०२५ ची सरासरी २.५. त्यातलं निम्मं तुमचं. हप्ता ज्या पगारापर्यंत मोजतात ती कमाल मर्यादा २०२५ मध्ये महिना ५,५१२.५० युरोची होती, म्हणजे चांगल्या पगारावर सुमारे ४७० युरो दर महिना. केअर विमा (म्हातारपणी, अपंगत्वात लागणाऱ्या शुश्रूषेचा) वेगळा. बायको-मुलं विम्यात ‘फुकट’ असतात म्हणतात, ती या ४७० मध्ये. नेदरलँड्समध्ये मूळ विमा प्रौढाला दीडशे-एकशे साठच्या घरात आणि अठराच्या आतली मुलं खरोखर फुकट. दोघांचे मिळून सव्वातीनशेच्या आत. चार हजारांच्या जर्मन पगारावरसुद्धा तुमचा वाटा याहून जास्तच निघतो.

दुसरं असं की ‘एकच पगार’ हे तुम्ही गृहीत धरलंय, मला तो जर्मन पद्धतीचा परिणाम वाटतो. ब्लू कार्डवाल्याच्या (ईयूबाहेरच्या उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) जोडीदाराला कामाची परवानगी पहिल्या दिवसापासून असते, पण बहुतेक जाहिराती बी२ पातळीचं, म्हणजे बऱ्यापैकी सफाईदार जर्मन मागतात. भाषा शिकण्यात दीड-दोन वर्षं सहज जातात. नोकरी लागलीच तर क्लास ५ मध्ये इतकं कापलं जातं की ‘कशाला धावपळ, घरीच बरी’ असं घरात ठरतं. वार्षिक विवरणात हिशोब सरळ होतो हे खरं, पण बेकारी भत्ता आणि एल्टर्नगेल्ड (पालक रजेतला भत्ता) निव्वळ पगारावर ठरतात आणि क्लास ५ मध्ये तेच आटतात. निदान ४-४ (दोघांची कपात एकाच पद्धतीने) तरी घ्यावा. ॲमस्टरडॅम-आइंडहोवन पट्ट्यात इंग्रजीवर काम मिळतं, आणि आठवड्यात तीन-चार दिवसांची नोकरी म्हणजे कमीपणा नव्हे.

तळटीप:

विम्याचा हप्ता बरोबर, पण हप्त्यावर थांबलात. डच मूळ विम्यात वर्षाला ३८५ युरो एइखन रिसिको, म्हणजे तेवढा खर्च आधी तुमच्या खिशातून. फॅमिली डॉक्टरची भेट त्यातून वगळली आहे. पण त्याने रक्त तपासायला पाठवलं की लॅबचं बिल यात धरलं जातं, आणि नवीन माणूस तिथेच दचकतो. मोठ्यांचे दात मूळ विम्यात नाहीत, फिजिओथेरपी बहुतेक दुखण्यांना नाही. जर्मनीत दातांची तपासणी आणि साधं फिलिंग कासे देते, औषधाला एका पाकिटामागे जास्तीत जास्त १० युरो, इस्पितळात दिवसाला १० आणि तेही वर्षात २८ दिवसांपर्यंत.

खरा फरक दाराशी आहे. नेदरलँड्समध्ये हाउसआर्ट्सची (फॅमिली डॉक्टरची) चिठ्ठी नसेल तर तज्ज्ञ डॉक्टर नाही. फोनवर असिस्टंट विचारपूस करते, आणि ताप असेल तर बहुतेक वेळा उत्तर येतं: पॅरासिटामॉल घ्या, नाही उतरला तर परत फोन करा. फोन करताना ‘बरं वाटत नाही’ एवढ्यावर थांबू नका. किती दिवस, किती ताप, लघवी होते का, मूल पाणी पितंय का, हे आकड्यांत सांगा; भेट द्यायची की नाही ते त्या उत्तरांवर ठरतं. जर्मनीत त्वचेच्या किंवा कानाच्या डॉक्टरकडे थेट जाता येतं. वेळ महिनोन्महिने मिळत नाही ही रड खरी, पण घरच्या डॉक्टरने चिठ्ठीवर तातडीचा कोड दिला तर ११६११७ या फोन क्रमांकावरून तारीख काढता येते.

आजारपणाच्या रजेत मात्र डच सरस. डॉक्टरचा दाखला मालकाला द्यायचाच नसतो, शंका आली तर कंपनीचा डॉक्टर बघतो. आजार लांबला तर मालक १०४ आठवडे किमान ७० टक्के पगार देतो. जर्मनीत ६ आठवडे पूर्ण पगार, पुढे कासेकडून ढोबळ पगाराच्या ७० टक्के.

आडवी_रेघ:

डॉक्टरच्या आधी डोक्यावर छप्पर लागतं. त्याचा इथे उल्लेखच नाही.

जर्मनीत घर स्वयंपाकघराशिवाय मिळतं हे सगळे सांगतात. नळाची जोडणी आणि भिंतीतून बाहेर आलेली शेगडीची जाड वायर, बस्स. ती थ्री-फेज असते, इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्यायची. नेदरलँड्समधलं ‘काल’ (डचमध्ये उघडंबोडकं) घर त्याच्या पुढचं आहे: किचन असतं, पण खाली उघडं काँक्रीट. जमीन, म्हणजे लॅमिनेट वगैरे, भाडेकरूने घालायची. त्यातही फ्लॅट असेल तर सोसायटीचा नियम बहुधा असा की लॅमिनेटखाली १० डेसिबल आवाज कमी करणारा थर हवा. तो प्रमाणपत्र बघून घ्यावा. स्वस्तातला फोम टाकला की खालच्या शेजाऱ्याची तक्रार येते आणि सगळं उचकटून परत घालावं लागतं. आधीच्या भाडेकरूने घातलेली जमीन विकत घेता आली तर घ्यावी, पण मालकाची लेखी संमती हवी. नाहीतर सोडताना ती काढायचा खर्च तुमच्या गळ्यात. हे सगळं नको असेल तर ‘खेस्टॉफेर्ड’ बघा, त्यात जमीन आणि पडदे येतात.

डिपॉझिट जर्मनीत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, नेदरलँड्समध्ये जुलै २०२३ पासूनच्या करारांना दोन महिन्यांचं. घर सोडण्याची नोटीस जर्मनीत तीन महिने, नेदरलँड्समध्ये सहसा एक. हा फरक ऑफर घेतानाच धरा, नाहीतर दोन-तीन महिने दोन्हीकडे भाडं भरत बसाल.

डच करारातल्या भाड्यावर महिन्याचा खर्च मांडू नका. कचऱ्याचा पालिका कर आणि जलमंडळाचा कर भाडेकरूलाही लागतो. पत्रं नंतर येतात, वर्षाचे काही शे युरो जातात. जर्मनीत वार्ममीटेत (हीटिंग वगैरे धरून भाडं) बरंच आलेलं असतं, पण वर्षअखेरचा हिशोब येतो तेव्हा हीटिंगचा फरक भरावा लागतो.

आणि मूळ अडचण: घर मिळणं. जुलै २०२४ च्या भाडे कायद्याने गुणपद्धतीचं (घराला गुण देऊन कमाल भाडं ठरवण्याचं) नियंत्रण मध्यम भाड्याच्या घरांनाही लागू केलं. भाडी काही ठिकाणी उतरली, पण बऱ्याच मालकांनी घरं विकायला काढली. जे मिळेल त्याला भाड्याच्या तिप्पट-चौपट पगार दाखवा म्हणतात. एका पगारात तिथेच अडतं.

गोमटेश_२२:

कोणी १५० किलोमीटरचं बोललंच नाही! रूलिंगसाठी नोकरी सुरू होण्याआधीच्या २४ महिन्यांतले १६ पेक्षा जास्त महिने डच सीमेपासून १५० किमीपलीकडे राहिलेलं असावं लागतं, अंतर सरळ रेषेत. ड्युसेलडॉर्फ, कोलोन, बॉन, डॉर्टमुंड बाद. फ्रँकफर्ट, म्युनिक, बर्लिन चालतात. ऱ्हाइनकाठच्यांनी ऑफरमधला निव्वळ पगार रूलिंगशिवाय काढून मागावा. आणि अर्ज नोकरी सुरू झाल्यापासून चार महिन्यांत गेला तरच सूट पहिल्या दिवसापासून मिळते, उशीर झाला तर मधले महिने गेले.

मधली_सुट्टी:

पाणचक्की, दोन पगारांचा तुमचा मुद्दा पटतो, फक्त पाळणाघराचं बिल त्यात धरा. डच पाळणाघर दिवसाचे ११ तास लावतं, मूल आठच तास असलं तरी. सरकार २०२५ मध्ये तासाला १०.७१ युरोपर्यंतच्या दरावर अनुदान देत होतं, वरचा फरक तुमचा. दिवसाला शंभरच्या वर सहज. अनुदान उत्पन्नावर अवलंबून आहे, कमी उत्पन्नाला ९६ टक्क्यांपर्यंत. रूलिंगमुळे करपात्र उत्पन्न कमी दिसतं, म्हणून अनुदान थोडं जास्त बसतं. पण अट अशी की दोन्ही पालक कामावर हवेत. एक घरी असेल तर शून्य. म्हणजे आई भाषा शिकेल, नोकरी शोधेल, तोवर मूल कुठे ठेवायचं? अडीच वर्षांनंतर पालिकेच्या मदतीने चालणारे बालवर्ग आहेत, काही तासांचे. त्याआधी पदरमोड. अनुदान घेताना वर्षाचा अंदाज भरावा लागतो. मधे पगार वाढला आणि आकडा बदलला नाही तर पुढे वसुलीचं पत्र येतं.

जर्मनीत एक वर्षाच्या मुलाला पाळणाघरात जागेचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे. बर्लिनमध्ये फी नाही, जेवणाचे २०२५ मध्ये महिना २३ युरो. पण हक्क आणि जागा यांत अंतर आहे, आणि जागा मिळाली तरी शिक्षिका आजारी पडल्या की सकाळी सातला ‘आज गट बंद’ असा मेसेज येतो. आयन्गेव्होनुंग, म्हणजे मूल रुळेपर्यंत पालकाने तिथे बसणं, दोन ते चार आठवडे चालतं. तेवढी रजा बाजूला ठेवा, नोकरीची सुरुवात त्यानंतर धरा. डच पाळणाघरात दोन-तीन अर्धे दिवस आणि झालं.

बाळंतपण: जर्मनीत १४ आठवडे पूर्ण पगार, पुढे दोघांनी वाटून घेतलं तर १४ महिन्यांपर्यंत एल्टर्नगेल्ड, महिना ३०० ते १,८००. नेदरलँड्समध्ये १६ आठवडे, मग ९ आठवडे पालक रजा ७० टक्क्यांवर. त्यामुळे तीन-चार महिन्यांचं बाळ पाळणाघरात जाणं तिथे नेहमीचंच. पण क्रामझॉर्ख जर्मनीत नाही: बाळंतपणानंतर आठवडाभर प्रशिक्षित बाई घरी येते, टाके बघते, बाळाचं वजन घेते, दूध पाजायला शिकवते, वर कपडेही धुवून टाकते. आजी जवळ नसलेल्या घराला हे सोन्यासारखं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. जर्मन हेबामे (सुईण) घरी येते, पण भेटीपुरती, आणि ती मिळवायला चाचणी पॉझिटिव्ह आली की लगेच फोन फिरवायचे.

कोरडवाहू:

म्हणजे माझाच मुद्दा पक्का झाला. पाळणाघराचं अनुदान नाही, जोडीदाराची करसूट नाही, घर मिळताना पगार तोकडा. डच व्यवस्था दोन पगार धरून बांधलेली आहे. विम्याचे दीडशे युरो वाचतात, ते कचऱ्याच्या करात आणि दातांत जातील.

पाणचक्की:

पक्का झाला तो पहिल्या वर्षापुरता. चार वर्षांचं झालं की मूल डच शाळेत जातं, मोफत. जर्मनीत शाळा सहाव्या वर्षी. आणि वाहन परवाना राहिलाच: रूलिंगवाल्याला आणि त्याच्या घरातल्यांना भारतीय परवाना परीक्षेशिवाय बदलून मिळतो. सीबीआरकडून (चालकांच्या परीक्षा घेणारी डच संस्था) आरोग्याचं पत्र घ्या, पालिकेत अर्ज करा, मूळ परवाना जमा करा. जर्मनीत सहा महिन्यांनंतर तो चालत नाही. भाषांतर, डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचार वर्ग, लेखी आणि गाडीची परीक्षा, तीही ड्रायव्हिंग स्कूलच्याच गाडीत. दोघांचा मिळून खर्च काढा, मग कचऱ्याच्या कराचं बोलू.

तळटीप:

परवान्यावरून आठवलं, जाणाऱ्यांनी राहण्याच्या परवान्याकडे आधी बघावं. ब्लू कार्डवर २१ महिन्यांत (बी१ भाषा) किंवा २७ महिन्यांत (ए१) मिळणारी नीडरलासुंग्सएरलाउबनिस (कायम राहण्याचा जर्मन परवाना) जर्मनीबाहेर सहसा सहा महिन्यांत संपते. ‘जाऊन बघू, नाही जमलं तर परत’ हा बेत तिच्या जोरावर चालत नाही. पाच वर्षं भरली असतील तर निघण्याआधी डाउअरआउफेन्टहाल्ट-ईयू (ईयूचा दीर्घकालीन वास्तव्याचा परवाना) मागून घ्या. दुसऱ्या ईयू देशात राहिलं तरी ते सहा वर्षांपर्यंत टिकतं. पाच भरायला थोडेच महिने उरले असतील तर डच कंपनीकडे रुजू होण्याची तारीख पुढे मागा. तीन महिन्यांची घराची नोटीस तुम्हाला तशीही द्यायचीच आहे.