‘दारू रक्तात असते’ म्हणून स्थळ परत पाठवणाऱ्यांना

कृष्णाकाठ:
परवा ‘घरंदाज’ यांनी इथे लिहिलं: ‘भाचीला आलेलं स्थळ परत पाठवलं. मुलगा चांगला, नोकरी पक्की, पण वडील दारूपायी गेले. दारू रक्तात असते, पोरात उतरणारच.’ खाली ‘योग्य केलंत’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. मी त्याच रक्ताचा आहे, म्हणून लिहितोय.

वडील साखर कारखान्यात होते. सकाळी त्यांना चहाची बशी धरता यायची नाही. आई कप अर्धाच भरायची, तरी लेंग्यावर सांडायचा. आम्ही दोघे भाऊ. दहावीनंतर मामाने मला मिरजेला नेलं, दादा उसाच्या ट्रॅक्टरवर गेला. खेप संपली की तिथे पैशांबरोबर क्वार्टरही हातात पडायची. दादा बेचाळीसाव्या वर्षी गेला. मी आजवर थेंबाला शिवलेलो नाही. रक्त एकच होतं ना?

घरंदाज:
तुम्ही वाचलात, चांगलं झालं. माझी सख्खी बहीण अशाच घरात दिली होती. सासरा पिणारा, थोरला दीर पिणारा. ‘आमचा धाकटा सुपारीसुद्धा खात नाही,’ असं बैठकीत सांगितलं. पहिल्या बाळंतपणानंतर त्याचंही सुरू झालं. तिने मंगळसूत्राच्या वाट्या विकून मुलाची फी भरली. तिची वीस वर्षं मला कोण परत देणार आहे? भाचीच्या बाबतीत मी प्रयोग करणार नाही.

लॅबवाली:
घरंदाजांची बाजू घ्यायची माझी अजिबात इच्छा नाही, पण अनुवंशाचा भाग खरा आहे. डोनाल्ड गुडविन यांनी १९७३ साली डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास मांडला. जन्मदात्यांपैकी एकाला दारूचं व्यसन, पण मूल तान्हेपणीच दुसऱ्या घरी गेलेलं, असे ५५ मुलगे. मोठेपणी त्यांतले १८ टक्के व्यसनी निघाले. जन्मदाते व्यसनी नसलेल्या दत्तक मुलग्यांत हेच प्रमाण ५ टक्के होतं. बापाला पिताना पाहिलंही नाही, तरी फरक पडला.

आणि हे प्रत्येक घरात माहीत हवं: अमेरिकेत मार्क शुकिट यांनी व्यसनी बापांच्या मुलांना वर्षानुवर्षं तपासलं. ज्यांना दारू कमी चढते, त्यांनाच पुढे व्यसनाचा धोका जास्त, असं दिसलं.

कृष्णाकाठ:
लॅबवाली ताई, तुमचा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. दादाला चढत नसे. ‘ह्याला कितीबी पाजा, गडी सरळ चालतो,’ म्हणून ट्रॅक्टरवाले त्याला मुद्दाम बोलवायचे, पैजा लावायचे. तेव्हा मलाही त्याचं कौतुक वाटायचं. म्हणजे शरीरात काहीतरी होतं, हे मला मानावं लागेल. पण पैजा रक्ताने लावल्या नाहीत. आणि शंभरातले १८ व्यसनी झाले, तर ८२ झाले नाहीत. त्या ८२ जणांनी लग्नं करायची नाहीत का?

ओसाकावासी:
इकडे जपानात बऱ्याच जणांचा चेहरा एका ग्लासात लालबुंद होतो. दारू पचवायला लागणाऱ्या एएलडीएच-२ या विकराचा (एन्झाइमचा) जनुक वेगळा असतो, दारूपासून बनणारं ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य अंगात साचतं, छाती धडधडते, मळमळतं. शरीरच ‘नको’ म्हणतं. तरी व्यसनमुक्तीसाठी आलेल्या जपानी रुग्णांत असा जनुक असणारे १९७९ मध्ये २.५ टक्के होते, ते १९९२ मध्ये १३ टक्के झाले. तेरा वर्षांत जनुक बदलत नाहीत. ऑफिस सुटल्यावर साहेबांबरोबर बसावं लागतं, ते मी रोज बघतो.

वैनगंगा:
मग भोवताल बदला ना! दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरला बायका पायी निघाल्या, त्यांत मी होते. पायाला फोड आले होते. २०१५ मध्ये चंद्रपूरला बंदी झाली आणि २०२१ मध्ये उठवली. आम्हाला कुणी विचारलं?

मुक्कामपोस्ट:
ताई, बंदीत काय झालं तेही सांगा. आमच्या गावात शाळेमागे दुप्पट भावाने मिळायची. पोहोचवायला चौदा वर्षांची पोरं. माझा पुतण्या त्यातच बिघडला.

वैनगंगा:
पुतण्याचं वाईट वाटतं. पण चोरून विकतात म्हणून दुकान उघडायचं, हा कुठला न्याय? बंदीत माझ्या शेजारणीच्या नवऱ्याचा पगार सहा महिने घरी आला. तुम्ही कधी पहाटे दोनला शेजारणीला दार उघडून आत घेतलंय?

मुक्कामपोस्ट:
घेतलंय. माझ्या वहिनीला. म्हणून मला शिकवू नका. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, तिथे गावोगाव बायका-माणसं पहारा देतात म्हणून ती टिकते. नुसत्या सरकारी कागदाने ती टिकत नाही, एवढंच म्हणतोय.

वैनगंगा:
पहाऱ्याचं मान्य. बाकी काही मान्य नाही.

लॅबवाली:
बंदीचं वेगळीकडे बोला. घरंदाज, त्या मुलाला तुम्ही काही विचारलंत का? पितो का, मित्र कोण, ‘मला चढत नाही’ असं कधी म्हणालाय का?

घरंदाज:
नाही. वडिलांचं कळलं तिथेच थांबलो. बहिणीच्या वेळीही विचारलंच होतं, तेव्हा खोटं सांगितलं गेलं. १८ आणि ८२ चा हिशोब मला कळतो. पण बहिणीचा गळा बघितला की तो हिशोब डोक्यात राहत नाही.

कृष्णाकाठ:
माझ्या सासऱ्यांनीही असाच नकार कळवला होता. मग बायकोनेच त्यांना सांगितलं, ‘मी त्याला भेटते, मग ठरवा.’ तुमच्या भाचीचं काय म्हणणं होतं?

घरंदाज:
तिला सांगितलेलं नाही अजून. स्थळ आलं होतं, हेच तिला माहीत नाही.