पठ्ठे बापूरावांची देणगी : मूळ संदर्भ कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. एम. ए.च्या प्रबंधासाठी 'तमाशा आणि जात' हा विषय घेतलाय. शैलजा पाईक यांचं तमाशातल्या दलित स्त्रियांवरचं २०२२ चं इंग्रजी पुस्तक वाचून विषय डोक्यात बसला (२०२४ ला त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, त्याच त्या). तमाशा म्हणजे नुसती 'लोककला' असं म्हणून मोकळं होता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

आता अडलंय ते एका प्रसंगापाशी. महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशातले नामवंत शाहीर पठ्ठे बापूराव यांनी आपल्या फडाच्या उत्पन्नातून पैसे देऊ केले आणि महार बायका नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण जो तो दुसऱ्याचा हवाला देतो! मला १९२७-२८ च्या आसपासचा छापील पुरावा हवाय. बाबासाहेबांच्या 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकाचे शासनाने पुनर्मुद्रित केलेले अंक चाळतेय. तिथे कुणाच्या नजरेस काही पडलं असेल तर अंकाची तारीख सांगा.

दुसरं म्हणजे, बापूरावांच्या फडातल्या नर्तकी पवळाबाई, त्यांच्या बाजूने कुणी काही लिहून ठेवलंय का? बापूरावांवर ढीगभर मजकूर, आणि जिच्या नावावर तिकिटं खपायची तिच्याबद्दल चार ओळी.

जुनी हँडबिलं, आंबेडकरी जलशांच्या (गाण्यांतून चळवळीचा प्रचार करणारे कार्यक्रम) चोपड्या कुणाच्या घरी असतील तर फोटोसुद्धा चालतील. गाईड म्हणतात, आधी पुरावा आणा, मग सिद्धांत. 'व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं' एवढं मात्र नको, प्लीज.