नुसत्या डीएनएवर भागत नाही
काहींना वाटतं, किड्याच्या पोटात वेगळा डीएनए सापडला की झाली जीवाणूची नवी प्रजाती. इतकं सोपं नाही हो! रूढ नियमांनुसार नाव मिळायला तो जीवाणू आधी प्रयोगशाळेत वाढवावा लागतो, आणि खरी मेख तिथेच आहे. मधमाशीच्या आतड्यातले काही जीवाणू कित्येक वर्षं फक्त जनुकक्रमांतूनच (म्हणजे डीएनए वाचूनच) माहीत होते. क्वाँग आणि मोरन या संशोधकांनी ते वाढवून दाखवले, तेव्हा कुठे 2013 मध्ये नावं मिळाली: स्नॉडग्रासेला आल्वी आणि गिलियामेला एपिकोला. पहिला आतड्याच्या भिंतीला चिकटतो, साखरेला तोंडही लावत नाही. दुसरा त्याच्यावर थर करून साखर आंबवतो. (लॅटिनमध्ये 'आल्वस' म्हणजे पोट आणि मधमाश्यांची पेटीसुद्धा. नावं ठेवावीत तर अशी!) शिवाय नाव मान्य व्हायला जीवाणूचा जिवंत नमुना दोन देशांतल्या जीवाणू-संग्रहांत द्यावा लागतो, असा एक संग्रह पुण्यातही आहे.